सतरा गाठींचा हुकूम

"अगं, अख्ख्या जव्हार संस्थानाचे हुकूम माझ्या लेखणीतून बाहेर पडतात! आणि तू त्या एका रामीच्या सुट्टीची काळजी करत बसलीस?"

दसऱ्याच्या सकाळी आरशासमोर फेटा बांधता बांधता भास्करराव बायकोला म्हणाले. वाक्य अगदीच खोटं नव्हतं. भास्करराव संस्थानच्या कचेरीत नक्कलनवीस होते. म्हणजे हुकूम काढायचे दुसरेच, भास्करराव त्यांच्या सुवाच्य नकला करून गावोगाव पाठवायचे. पण बारा वर्षं रोज सकाळी दहापासून "हुकूम होतो की" असं लिहीत राहिलं, की माणसाला थोडं तसं वाटायला लागतंच!

त्यांची बायको वनमालाबाई मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. बायको नोकरी करते हे भास्करराव चारचौघांत छाती फुगवून सांगायचे. सुधारक माणूस! बायकांनी शिकावं, शिकवावं, मिळवावं, असं त्यांचं ठाम मत होतं. मात्र अडीच वर्षांची कमू रडायला लागली, की हा सुधारक जुनं वर्तमानपत्र उचलून परसात जाऊन बसायचा.

कमूला सांभाळायची रामी. पठाराच्या उतरणीवर दीड कोसावर एक पाडा होता, तिथून ती रोज सकाळी चालत यायची आणि भास्कररावांच्या पडवीत बसायची. एकट्या कमूसाठी नव्हे. दवाखान्यातल्या नर्स सुमनबाई आपला रघ्या तिथेच सोडायच्या, आणि राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पोळ्या लाटणारी वेणू आपली चैती. तीन पोरं, एक रामी आणि एक पडवी, एवढ्यावर जव्हारातली तीन घरं कामाला जात होती. रामी आली नाही, की तिन्ही घरांचा गाडा जागच्या जागी रुतायचा.

आणि रामी वरचेवर यायची नाही!

तिची चूक म्हणावी, तर तसंही नव्हतं. भास्कररावांच्या घराला पंचांगंच तीन होती. कचेरी चालायची इंग्रजी तारखांवर. विलायतेत बादशहाचा वाढदिवस आला, की इथे जव्हारात कचेरीला कुलूप! शाळा चालायची तिथीवर. अमावास्येला बंद, प्रतिपदेला बंद, एकादशीला अर्धी. आणि रामीचं पंचांग रानात होतं. पावसाळ्यात तेऱ्याची, म्हणजे रानअळवाची, पहिली पानं उगवली, ती देवाला दाखवल्याशिवाय खायची नाहीत, म्हणून सुट्टी. भात तयार झालं, नवं खायचं, म्हणून सुट्टी. गावदेवाची सुट्टी. मोखाड्याला बोहाडा, देवांची सोंगं नाचणार, म्हणून तीन दिवस सुट्टी आणि चौथ्या दिवशी पाय दुखतात म्हणून सुट्टी.

"सुट्टी काढणाऱ्यांना वाटतं, आपण सुट्टी काढली म्हणजे सगळ्या जगालाच सुट्टी!" वनमालाबाई चिडून म्हणायच्या. "सुमनबाईंच्या दवाखान्यात बाळं काय पंचांग बघून जन्माला येतात? आणि सणाच्या दिवशी वेणूच्या चुली विझतात की दुप्पट पेटतात? कोणी विचार केलाय का याचा?"

कोणीच केला नव्हता. पण यंदा विचार करणं भाग होतं.

कारण दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे वसुबारशीला, पाड्याच्या भाषेत वाघबारशीला, शाळा तपासायला ठाण्याहून दिपोटी, म्हणजे तपासनीस साहेब, येणार होते. वनमालाबाई चार वर्षं हंगामी होत्या. गेल्या वर्षीही दिपोटी वाघबारशीलाच आले होते. त्या दिवशी पाड्यावर वाघ्याची, म्हणजे वाघदेवाची, पूजा असते, गुरं सुखरूप राहावीत म्हणून, आणि त्या दिवशी पाड्यातलं कोणीही दुसऱ्याच्या कामाला जात नाही. साहजिकच रामी आली नाही, आणि वनमालाबाईंना कमूला शाळेत न्यावं लागलं. कमूने काय करावं? दिपोटींच्या दौतीत अख्खा हात बुडवला आणि त्यांच्याच धोतराला पुसला! दिपोटींनी शेरा मारला, "शिक्षिकेचे लक्ष शाळेपेक्षा पोराकडे अधिक. कायम करण्याचा विचार पुढील वर्षी करावा, अन्यथा दुसरी बाई पाहावी."

दुसरी बाई! वनमालाबाईंनी घराघरांत जाऊन, बापांच्या शिव्या खाऊन एकेक मुलगी शाळेत आणली होती. आणि एका शाईच्या डागापायी दुसरी बाई!

"माझं ऐका," त्या म्हणाल्या, "वाघबारशीला तुम्ही एक दिवस रजा घ्या. घरी बसा कमूपाशी."

फेट्याचा शेवट भास्कररावांच्या हातातच राहिला. "मी? रजा? पोर सांभाळायला? अर्जात कारण काय लिहू? 'मुलीचं नाक पुसणे'? कचेरीत शिपाईसुद्धा हसतील मला! बारा वर्षांत ताप आला तरी रजा घेतली नाही मी!"

"ताप आला तेव्हा मी घेतली होती," वनमालाबाई शांतपणे म्हणाल्या.

भास्कररावांनी फेट्याचा शेवट घाईघाईने खोचला. आणि ते तणतणत दरबाराला गेले.

दसऱ्याचा दरबार म्हणजे जव्हारात माणसांचा पूर. पाड्यापाड्यांवरून माणसं आलेली, ढोल वाजत होते, तारपा घुमत होता. त्या गर्दीत भास्कररावांना एक म्हातारा दिसला. त्याने कमरेची एक दोरी काढली, तिची एक गाठ सोडली आणि दोरी पुन्हा कमरेला खोचली.

"हे काय रे?" भास्कररावांनी विचारलं.

"सहा गाठी राहिल्या, रावसायेब. सहा दिसांनी सोयऱ्याकडं जायचाय."

भास्कररावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे ही माणसं दिवस गाठींनी मोजतात! रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की दिवस उजाडला! मग रामीला तारखा नि तिथ्या सांगून डोकं कशाला फोडायचं? तिच्याच लिपीत हुकूम द्यायचा! त्या म्हाताऱ्याला आणखी एक प्रश्न विचारला असता, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण हुकूम लिहिणारी माणसं फार प्रश्न विचारत नाहीत.

संध्याकाळी रामी आपट्याची पानं द्यायला आली. भास्करराव तयारच होते. दफ्तरं बांधायची कचेरीची लाल फीत त्यांनी काढली होती आणि तिला सतरा गाठी मारल्या होत्या. उद्यापासून वाघबारशीपर्यंत बरोबर सतरा दिवस! आणि हुकुमाचा वचक बसावा म्हणून फितीच्या टोकाला लाख ओतून वर शिक्का मारला होता. नकलांच्या लखोट्यांवर मारायचा शिक्का त्यांच्याच ताब्यात असायचा. खासगी कामाला तो वापरायची सक्त मनाई होती, पण हे काय खासगी काम होतं? शाळा संस्थानची, बाई संस्थानची!

"हे बघ रामी, रोज सकाळी एक गाठ सोडायची आणि इथे यायचं. शेवटची गाठ सोडशील त्या दिवशीसुद्धा यायचं. त्यानंतर चार दिवस सुट्टी आणि वर नवं लुगडं!"

रामीने मनाशी बोटं मोजली. "पन शेवटल्या गाठीला वाघबारस येतं, रावसायेब. त्या दिशी आमच्यात कोनी कामाला जात नाय."

"तुमची वाघबारस एक दिवस पुढे ढकला!"

"सन मी नाय ठरवत. पोश्याबाबा ठरवतो." पोश्या म्हणजे पाड्याचा कारभारी.

"मग पोश्याला ही फीत दाखव! म्हणावं, सरकारी आहे. शेवटची गाठ सुटेपर्यंत पाड्यावर कोणी सण करायचा नाही!"

रामीने फितीकडे बघितलं, शिक्क्याकडे बघितलं, मग भास्कररावांकडे बघितलं. "सरकारनं दोरी दिली?"

"सरकारनं दिली!" भास्करराव ठणकावून म्हणाले.

रामीने ती फीत दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि निघून गेली. भास्करराव बायकोकडे वळून म्हणाले, "बघितलंस? याला म्हणतात कारभार!"

"मला रजा सोपी वाटली होती," वनमालाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून कारभार घड्याळासारखा चालला. सकाळ झाली की रामी हजर.

"सुटली?" भास्करराव विचारायचे.

"सुटली, रावसायेब."

एकही खाडा नाही! सुमनबाईंनी दवाखान्यातून खोकल्याचं औषध पाठवलं, वेणूने मुदपाकखान्यातून करंज्या. भास्करराव करंज्या खात खात सांगायचे, "माणसं ओळखावी लागतात. त्यांच्या रीतीने चाललं की ती सुतासारखी सरळ येतात!"

मधे एकदा बाजारात एक अनोळखी माणूस समोर आला. खोडाळ्याकडचा असावा. त्याच्याही कमरेला गाठींची सुतळी होती. त्याने वाकून रामराम केला आणि हसून म्हणाला, "येतो हां आमी सगळी!"

"या, या! अवश्य या!" भास्करराव म्हणाले. घरी आल्यावर ते वनमालाबाईंना म्हणाले, "लोक आताशा मला फार मानायला लागलेत. रस्त्यात थांबून नमस्कार करतात."

"कुठे येणार आहेत ते?"

"येतील कुठेतरी. बाजाराला येत असतील!"

त्यानंतर आणखी चौघांनी असंच सांगितलं. एकाने तर कोंबडी चालेल का म्हणून विचारलं. भास्करराव "चालेल" म्हणाले. कोंबडी कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण तोवर त्यांची मान अभिमानाने मागच्या बाजूला कलली होती.

वाघबारस उजाडली. वनमालाबाई दिवस उगवायच्या आत शाळेत गेल्या. वर्ग झाडायचे होते, रांगोळी काढायची होती, मुलींकडून कविता म्हणवून घ्यायच्या होत्या. जाताना झोपलेल्या कमूकडे बघून म्हणाल्या, "रामी आल्याशिवाय घर सोडू नका हं. आणि काही झालं तरी हिला शाळेत आणू नका. माझ्या चार वर्षांचा प्रश्न आहे."

"निर्धास्त जा!"

आठ वाजता सुमनबाई रघ्याला घेऊन आल्या. "रामी नाही आली? येईलच. द्या तिच्याकडे, माझी एक बाळंतीण अडलीये!" आणि त्या पळाल्या. पाठोपाठ वेणू आली, तिने चैतीला भास्कररावांच्या मांडीवर ठेवलं आणि ती चुलीच्या काळजीत तशीच धावत गेली. साडेआठ झाले. नऊ झाले. तीन पोरांनी भास्कररावांचा फेटा सोडवला होता आणि तिघं मिळून त्याची आगगाडी ओढत होती.

तेवढ्यात ढोल वाजला.

आधी दुरून वाजला, मग नाक्यावर वाजला, मग आळीत वाजला. भास्करराव कुतूहलाने ओट्यावर आले आणि तिथेच खिळले. सगळ्यांत पुढे रामी! सांगितल्याप्रमाणे, शेवटच्या गाठीला हजर! तिच्यामागे काठी टेकत म्हातारा पोश्या, त्याच्यामागे तारपा वाजवणारा, आणि त्याच्यामागे बायका, बाप्ये, पोरंबाळं, कोंबड्या, तांदळाची गाठोडी, पातेली. दोनशे माणूस तरी असेल! पाच पाड्यांचं!

"रामराम, रावसायेब!" पोश्या म्हणाला. "आलो आमी. कुठं मांडलाय वाघ्या?"

"कोण वाघ्या? कुणी बोलावलं तुम्हाला?"

पोश्याने कमरेची लाल फीत काढली. एकही गाठ शिल्लक नव्हती. टोकाला लाख होती आणि लाखेवर संस्थानचा शिक्का, ठळक, सुबक, भास्कररावांच्याच हातचा.

"तुमीच ना! रामी बोलली, सरकारनं दोरी दिली, शेवटली गाठ सुटंपर्यंत पाड्यावर सन करायचा नाय. आमी वळखलं, सन सरकारकडं हाय! आमच्यात दोरी देतो तोच जेवायला घालतो. लग्नाला दोरी, देवाच्या कामाला दोरी. मंग मी बी चार पाड्यांना दोऱ्या धाडल्या. सरकारचा सांगावा एकट्यानं कसा ठेवावा?"

भास्कररावांच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही" म्हणावं, तर दोनशे माणसं शिक्का घेऊन कचेरीत दफ्तरदारसाहेबांकडे जातील, आणि सरकारी शिक्का खासगी कामाला वापरला म्हणून नोकरी जाईल. "हो" म्हणावं, तर जेवायला घालायचं! शिवाय त्याच रस्त्याने अकरा वाजता दिपोटींची मोटार येणार होती.

"हो, हो... बोलावलं ना सरकारनं!" ते घाम पुसत म्हणाले. "पण इथे नाही! वाघ्या मांडलाय... मांडायचाय तो तिकडे! गावाबाहेर, पठाराच्या कड्यावर! तिथून तुमचे सगळे पाडे दिसतात ना, म्हणून! आणि ही सरकारकडून खीर!" असं म्हणून त्यांनी दिवाळीसाठी आणलेली गुळाची ढेप आणि तांदळाची गोणी बाहेर काढून दिली. मनातल्या मनात ते संतापाने उकळत होते. रामीवर, पोश्यावर, वाघ्यावर, गाठी मारायची पद्धत ज्याने काढली त्याच्यावर! एकट्या स्वतःवर तेवढे नव्हते.

गर्दी खूश झाली. ढोल वाजला. भास्कररावांनी सुटकेचा श्वास टाकला, तर पोश्या पुन्हा वळला.

"पोरां हितंच ऱ्हातील."

"काय?"

"कड्यावर पोरां नको, पडतील. रामी बोलती, तुमच्या पडवीत कामाला जानाऱ्यांची पोरां सांभाळतात. आज आमालाबी काम हाय."

"काम? अरे, सण आहे ना तुमचा!"

"मंग? देवाचा काम, काम नाय? वाघ्याला शेंदूर लावायचा, सैंपाक करायचा, नाचायचा. तुमच्या कचेरीत नाचावं लागतंय का कधी?"

भास्करराव दार अडवेपर्यंत पडवी भरली. एक, दोन, दहा, वीस, बत्तीस! बत्तीस पोरं आणि आपली तीन! भास्कररावांनी रामीकडे आशेने बघितलं. रामी पदर खोचून निघाली होती.

"रामी! तू कुठे?"

"वाघ्याला."

"अगं, तू कामाला आलीस ना? शेवटच्या गाठीला यायचं ठरलं होतं!"

"आले ना! तुमी बोलला, शेवटल्या गाठीला यायचा. मी काय आले नाय?" रामी म्हणाली. "पन कामाला नाय आले. आज वाघबारस. आज आमच्यात कोनी कामाला जात नाय, हे मी तवाच बोलले होते." आणि ती ढोलामागे निघून गेली.

बोलली होती. तेव्हाच बोलली होती. ऐकलं कोणी नव्हतं!

आता पुढचा दीड तास काय झालं, ते भास्कररावांनी नंतर कोणालाच नीट सांगितलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत एका पोराने दुसऱ्याला चावलं, तिसरं पेटाऱ्यात जाऊन बसलं, चौथीने कोंबडीच्या शोधात न्हाणीघर पालथं घातलं आणि बाकीच्यांनी एकदम रडायला सुरुवात केली. कचेरीचा शिपाई बोलवायला आला. "दफ्तरदार विचारतायत, आज नक्कलनवीस..." एवढं बोलून त्याने पडवीकडे बघितलं आणि तो आल्या पावली पळाला.

भास्कररावांनी दिवाळीच्या फराळाचा डबा काढला. चकल्या, कडबोळी, चिवडा! वनमालाबाईंनी आठ दिवस जागून केलेला फराळ पाव तासात पस्तीस तोंडांत गेला, आणि डबा रिकामा झाल्यावर रडणं पुन्हा सुरू झालं. गाणं म्हणावं, तर एक येत नव्हतं. गोष्ट सांगावी, तर आठवत नव्हती. बारा वर्षांत एकच गोष्ट तोंडपाठ झाली होती. तळपायाची आग मस्तकात गेलेले भास्करराव आखणीचा रूळ आपटून गरजले, "हुकूम होतो की!"

पोरं दचकून गप्प झाली.

"हुकूम होतो की, कोणी कोणाला चावू नये!"

मग कमूने हात वर केले आणि ओरडली, "चावू नये!" आणि सगळी पडवी गरजली, "चावू नये!"

भास्कररावांना धीर आला. "हुकूम होतो की, सर्वांनी ओळीत बसावे!" "ओळीत बशावे!" "हुकूम होतो की, शेंबूड ज्याचा त्याने पुसावा!" "पुशावा!" पोरांना खेळ इतका आवडला, की ती स्वतःच ओळी करून बसली. भास्करराव एका काखेत कमू, दुसऱ्या काखेत चैती घेऊन फेऱ्या मारू लागले. फेटा रघ्याच्या गळ्यात होता.

"वा! वा! वा!"

दारात दिपोटी उभे होते! त्यांची मोटार गावाबाहेर कड्याजवळच्या रस्त्यावर नाचणाऱ्या गर्दीत अडकली होती. ते पायीच शाळा शोधत निघाले आणि पोरांच्या एका सुरातल्या गर्जना ऐकून थेट इथे शिरले.

भास्कररावांचे दोन्ही हात अडकलेले, नमस्कारही करता येईना. कमूने दौत दिसते का म्हणून दिपोटींच्या खिशाकडे नजर लावली होती!

"ही पाड्यांवरची मुलं ना?" दिपोटींनी चष्मा पुसला. "चार संस्थानं फिरलो. सगळीकडे एकच रड, ही मुलं शाळेत येत नाहीत! आणि इथे... पस्तीस? शिस्तीत? कोणी सुरू केला हा वर्ग?"

इथे भास्कररावांना वनमालाबाईंचा पहाटेचा चेहरा आठवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हुकूम स्वतःच्या नावावर घेतला नाही. "वनमालाबाईंनी, साहेब! मुलींच्या शाळेतल्या. त्यांचाच हा शिशुवर्ग. आई-बाप कामाला जातात ना, म्हणून."

"पण आज तर यांचा सण दिसतो."

"सणाला तर आई-बापांना जास्तच काम असतं, साहेब!" भास्करराव तळमळून म्हणाले, आणि हे वाक्य मात्र अगदी आतून आलं. "सुट्टी काढणाऱ्यांना काय कळतंय! सणाच्या दिवशीच पोरं कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न!"

दिपोटींनी वही काढली, उभ्या उभ्याच दोन पानं लिहिली आणि ते शाळेकडे गेले.

दिवस मावळताना पाड्यांची माणसं आली आणि आपापली पोरं घेऊन गेली. भास्कररावांनी पोश्यापुढे हात जोडले. "बाबा, ती लाल फीत तेवढी परत दे."

"ती वाघ्यापुढं पुरली. आता देवाची झाली," पोश्या म्हणाला. "लई चांगला सन झाला, रावसायेब. सरकारला सांगा."

वनमालाबाई घरी आल्या त्या आनंदाने धावतच. "दिपोटी काय खूश होते म्हणून सांगू! मुलींच्या कविता ऐकल्या, गणितं बघितली, आणि सारखं म्हणत होते, 'तुमचा शिशुवर्ग अप्रतिम!' कसला हो शिशुवर्ग?" मग त्यांनी फराळाचा रिकामा डबा बघितला, पेटाऱ्यातून एक चुकून राहिलेलं पोर बाहेर आलं ते बघितलं, आणि भास्कररावांकडून सगळं ऐकलं. आधी त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग डब्याकडे बघून इतक्या संतापल्या, की त्या पोराला पाड्यावर पोचवायला भास्कररावांना तसंच घराबाहेर काढलं. दीड कोस जायचं, दीड कोस यायचं!

"एक दिवस! एक दिवसाची रजा मागितली होती मी!" त्या मागून ओरडत होत्या.

दिवाळी संपली. कचेरी उघडली. पहिल्याच दिवशी भास्कररावांपुढे नकलेसाठी एक हुकूम आला. त्यांनी बोरू शाईत बुडवला आणि नेहमीच्या झोकात सुरुवात केली, "हुकूम होतो की, मुलींच्या शाळेतील शिक्षिका वनमालाबाई यांना मुख्याध्यापिका म्हणून कायम करण्यात येत आहे." भास्कररावांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. झालं! चार वर्षांचं चीज झालं! त्यांनी पुढे लिहिलं, "सदर बाईंनी चालविलेला शिशुवर्ग तपासनिसांच्या शिफारशीवरून शाळेस जोडण्यात येत आहे. कामकरी आई-बापांच्या सोयीसाठी तो कोणत्याही सार्वजनिक सुट्टीस अथवा सणास बंद राहू नये." वा! किती योग्य! "वर्गावर रामी हीस मदतनीस नेमावे, तिला तिच्या पाड्याचे सर्व सण सुट्टी असावी." ठीक आहे, तिचंही भलं होवो. "आणि वर्गाचा चार्ज, मुलांत विशेष रमणारे गृहस्थ म्हणून तपासनिसांनी ज्यांची तारीफ केली आहे ते नक्कलनवीस भास्करराव यांजकडे, आहे त्या पगारावर, मुख्याध्यापिकेच्या हाताखाली..."

बोरू मोडला. पण हुकूम तो हुकूम! तीन प्रतींत नक्कल करायची होती, ती त्यांनी तीन प्रतींत, सुवाच्य अक्षरात केली.

तेव्हापासून भास्करराव वर्गावर आहेत. दिवाळीनंतर दोन महिने त्यांनी कसेबसे काढले. संक्रांत तोंडावर आली. सगळ्या जव्हारात तिळगूळ, सगळ्यांना सुट्टी, आणि भास्कररावांच्या पडवीत मात्र सदतीस पोरं असणार! त्यांचं डोकं भणाणलं. हा अन्याय आहे, असं ते ज्याला त्याला सांगू लागले. पोर सांभाळणारा माणूस हाही माणूसच असतो, त्याला घरदार असतं, त्यालाही सण असतो! सुमनबाई म्हणाल्या, "अगदी खरं!" आणि रघ्याला त्यांच्या मांडीवर ठेवून दवाखान्यात गेल्या.

शेवटी भास्कररावांनी रीतसर अर्ज लिहिला. संक्रांतीच्या एका दिवसाची रजा मिळावी, विनंती विशेष. अर्ज मुख्याध्यापिकेकडे गेला आणि संध्याकाळी शेरा मारून परत आला.

"अर्ज नामंजूर. सणाच्या दिवशी मुख्याध्यापिका घरी झोप काढणार असल्याने कमूसही त्या दिवशी वर्गातच पाठविण्यात येईल."

भास्कररावांनी शेरा दोनदा वाचला. मसुद्यात कुठेही चूक नव्हती. दाद मागायची तर वर दरबारात अपील करता आलं असतं, पण तेही मुख्याध्यापिकेमार्फतच पाठवायचं होतं.